हरतालिका : सखीच्या नांवाचें व्रत

भाद्रपद शुद्ध द्वितीयेच्या सायंकाळीं छत्रपती संभाजीनगरांतील गुलमंडी आणि औरंगपुरा या जुन्या पेठांतून वाट काढणें कठीण होतें. गणपति बसावयाचा असतो, म्हणून मुलांची आणि पुरुषमंडळींची लगबग एका बाजूस चाललेली असते. स्त्रियांची खरेदी मात्र निराळी असते. पत्रीचे जुडगे, फळें, फुलें, हळदकुंकू, आणि मातीच्या रंगविलेल्या दोन लहानशा मूर्ति. या दोहोंपैकीं एक पार्वतीची, हें कोणीहि सांगेल. दुसरी कोणाची, असें एखाद्या लहान मुलीनें विचारलें, तर आजी उत्तर देते, "ती सखी." हिंदु स्त्रियांच्या व्रतांत पतीसाठीं, पुत्रासाठीं, भावासाठीं प्रार्थना आहे, वडाची, नागाची, सप्तर्षींची पूजा आहे. पण देवीच्या शेजारीं तिच्या मैत्रिणीला बसवून दोघींना सारखेंच हळदकुंकू वाहावें, असें दुसरें व्रत क्वचितच आढळेल. हरतालिकेचा इतिहास समजून घ्यावयाचा, तर या दुसऱ्या मूर्तीकडे लक्ष दिलें पाहिजे.

व्रताचा विधि महाराष्ट्रांत बहुतेक एकसारखाच आहे. तृतीयेच्या दिवशीं स्नान करून चौरंगावर वाळूचें शिवलिंग करितात, त्यापाशीं पार्वती आणि सखी यांच्या मूर्ति ठेवितात, आणि षोडशोपचारें पूजा करितात. पूजेस सोळा प्रकारची पत्री लागते : बेल, आघाडा, दूर्वा, रुई, कण्हेर, धोतरा, बोर, डाळिंब, आंबा, तुळस, जाई, मरवा, चाफा, बकुळ, अशोक आणि मधुमालती. ही यादी घरोघर थोडीबहुत बदलते. पण पावसाळ्यांतील सारी हिरवळ त्या एका चौरंगावर गोळा होते, हें मात्र सर्वत्र खरें. उपवास कडक असतो. अग्नीवर शिजविलेलें कांहीं खावयाचें नाहीं, असा सामान्य नियम. कित्येक स्त्रिया पाणीहि घेत नाहींत. कुमारिका मनाजोगता वर मिळावा म्हणून, आणि सुवासिनी सौभाग्य अखंड राहावें म्हणून हें व्रत करितात. पूजेनंतर कथा वाचली जाते. रात्रीं जागरण होतें. झिम्मा, फुगडी आणि गाणीं यांत रात्र सरते. चतुर्थीच्या सकाळीं उत्तरपूजा करून वाळूचें लिंग पाण्यांत सोडतात, उपवासाचें पारणें होतें, आणि मग घरांत गणपति येतो. मराठवाड्यांत पुढें थोड्याच दिवसांनीं ज्येष्ठागौरी येतात. त्यांना इकडे महालक्ष्म्या म्हणतात.

हरतालिकेची कथा भविष्योत्तर पुराणांतील म्हणून सांगितली जाते. ती स्वतः शिव पार्वतीला, तिच्याच पूर्वायुष्याची आठवण म्हणून, सांगतो. हिमालयाची कन्या लहानपणापासून शिवाचा ध्यास घेऊन बसलेली. एके दिवशीं नारद विष्णूकडून मागणी घेऊन येतात. विष्णूसारखा जांवई मिळतो, याहून अधिक कोणत्या बापाला काय हवें? हिमालय तत्काळ शब्द देतो. मुलीला विचारावें, हें त्याच्या मनांतहि येत नाहीं. मुलगी आपलें दुःख सखीजवळ बोलते. सखी तिला वडिलांची आज्ञा मानण्याचा उपदेश करीत नाहीं. तिला घेऊन ती सरळ अरण्यांत निघून जाते, जेथें शोधूनहि पित्याला ती लवकर सांपडूं नये. तेथें नदीच्या कांठीं पार्वती वाळूचें लिंग करून पूजिते, भाद्रपद शुद्ध तृतीयेस हस्त नक्षत्रावर उपवास आणि जागरण करिते, आणि शिव प्रसन्न होतो. शोध घेत आलेला हिमालय तिला घरीं चल म्हणतो, तेव्हां ती अट घालते : शिवाशींच विवाह होणार असेल तर येईन. पित्याला आपला शब्द मागें घ्यावा लागतो. 'आलि' म्हणजे सखी; सखीनें जिचें हरण केलें ती हरितालिका, मराठींत हरतालिका. देव, पति किंवा फळ यांपैकीं कशाचेंहि नांव या व्रताला मिळालेलें नाहीं. तें मिळालें आहे एका मैत्रिणीच्या धाडसाचें.

ही व्युत्पत्ति भाषाशास्त्राच्या कसोटीस उतरेलच असें नाहीं. संस्कृतांत 'हरिताली' म्हणजे दूर्वा. उत्तर हिंदुस्थानांत श्रावण शुद्ध तृतीयेस हरियाली तीज असते, आणि तिचें नांव उघडच पावसाळ्यांतील हिरवळीवरून पडलेलें आहे. तृतीया ही तिथि गौरीची. चैत्र शुद्ध तृतीयेस महाराष्ट्रांतील घरांत चैत्रगौर बसते. भाद्रपदांतील याच तृतीयेस कर्नाटकांत स्वर्णगौरी पूजितात. बिहार, उत्तर प्रदेश आणि नेपाळ येथें याच दिवशीं स्त्रिया तीजेचा उपवास करितात. यावरून पावसाळ्याच्या हिरव्या दिवसांतील गौरीपूजा मूळची, आणि सखीनें हरण केल्याची कथा तिच्या नांवाशीं मागाहून जुळविलेली, असें मानण्यास जागा आहे. परंतु त्यानें कथेचें मोल कमी होत नाहीं. नांवाचा मूळ अर्थ विसरल्यावर लोक त्याला जो नवा अर्थ देतात, तो त्यांच्या मनांतला असतो. या नांवाला दुसरे अर्थ पुष्कळ सुचले असते; पिढ्यानुपिढ्या सांभाळला गेला तो मैत्रिणीनें पळवून नेल्याचा.

या व्रतामागील इतिहास पाहण्यास शहरापासून दूर जावें लागत नाहीं. शहर स्वतः फार जुनें नव्हे. मलिक अंबरानें इ. स. १६१० मध्यें खडकी येथें तें वसविलें, औरंगजेबाच्या काळीं त्याचें औरंगाबाद झालें, आणि २०२३ सालीं छत्रपती संभाजीनगर. पण त्याच्या वायव्येस सुमारें पंधरा किलोमीटरांवर देवगिरि आहे, आणि त्याच रस्त्यानें तितकेंच पुढें गेलें म्हणजे वेरूळ. व्रतांविषयींचा एक प्रचंड ग्रंथ देवगिरीस तयार झाला, आणि पार्वतीची तपश्चर्या वेरुळास दगडांत कोरली गेली.

देवगिरीवर यादव राजा महादेव यानें इ. स. १२६१ पासून १२७१ पर्यंत राज्य केलें. त्याचा श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या दप्तराचा मुख्य अधिकारी, हेमाद्रि पंडित. मराठी माणूस त्याला हेमाडपंत म्हणतो, चुन्यावांचून रचलेल्या जुन्या देवळांना त्याचें नांव देतो, आणि मोडी लिपीचें श्रेयहि त्याच्याच पदरांत घालतो. पण त्याचें खरें स्मारक म्हणजे 'चतुर्वर्गचिंतामणि' हा ग्रंथ, आणि त्यांतहि व्रतखंड. पुराणांतून विखुरलेलीं व्रतें हेमाद्रीनें एकत्र केलीं आणि तिथींच्या अनुक्रमानें लाविलीं : प्रतिपदेचीं, द्वितीयेचीं, तृतीयेचीं, याप्रमाणें, त्यांमागून वारांचीं, नक्षत्रांचीं, संक्रांतींचीं. प्रत्येक व्रताची देवता कोणती, विधि कसा, दान काय द्यावें आणि फळ काय मिळतें, हें त्यांत नोंदलेलें आहे. राज्याचा जमाखर्च पाहणाऱ्या अधिकाऱ्यानें पुण्याचाहि जमाखर्च तितक्याच काटेकोरपणें मांडला. गौरीच्या व्रतांचें फळ या हिशेबांत बहुधा एकच येतें, तें म्हणजे सौभाग्य.

या मांडणीनें व्रतें टिकलीं, ही तिची मोठी कामगिरी. इ. स. १२९६ मध्यें अलाउद्दीन खिलजीनें देवगिरीवर स्वारी केली, पुढें यादवांचें राज्य गेलें, १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकानें तेथें राजधानी आणून देवगिरीचें दौलताबाद केलें. व्रतांची ही वही मात्र चालूच राहिली. पण तिचा दुसराहि एक परिणाम झाला. पंडितांची दृष्टि फळावर राहिली आणि कथा विधीच्या मागें गेली. इ. स. १७३६ मध्यें कोकणांतून काशीस गेलेल्या विश्वनाथ पंडितानें 'व्रतराज' हा ग्रंथ रचला. हरितालिकेची पूजा आणि कथा त्यांत सविस्तर दिली आहे, आणि घरोघरच्या पोथ्यांचें वळणहि पुष्कळसें तसेंच आहे. कथा सखीच्या साहसानें सुरू होते, आणि सौभाग्याच्या आश्वासनानें व व्रत मोडणारीला मिळणाऱ्या शिक्षेनें संपते. आरंभ आणि शेवट यांचा सूर एक नाहीं.

वेरूळच्या शिल्पकारानें मात्र फळाआधींचे कष्ट विसरूं दिले नाहींत. तेथील एकविसावें लेणें रामेश्वर या नांवानें ओळखलें जातें. तें सहाव्या शतकांतलें मानितात. म्हणजे राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या आठव्या शतकांतील कैलास लेण्याहून तें बरेंच जुनें. त्याच्या एका बाजूच्या दालनांत शिवपार्वतीच्या विवाहाचा प्रसंग कोरलेला आहे. पाणिग्रहणाचा सोहळा आहे, होमापाशीं ब्रह्मदेव आहे. आणि त्याच दालनांत, अग्नींच्या मध्यें उभी राहून तप करणारी पार्वती आहे. शिव भिक्षुकाच्या वेशानें तिच्याकडे आलेला आहे. शिल्पकाराला विवाह दाखवावयाचा होता, तरी वधूनें तो कशाच्या बळावर मिळविला, हें त्यानें शेजारींच दाखवून ठेविलें.

तपश्चर्येची ही गोष्ट कालिदासानेंहि 'कुमारसंभवा'च्या पांचव्या सर्गांत सांगितली आहे, आणि तेथेंहि सखी आहे. पार्वती सखीच्याच तोंडून पित्याकडे वनांत जाण्याची परवानगी मागते, आणि ती मिळते. पुढें ब्रह्मचाऱ्याच्या वेशांत शिव येतो, तेव्हां पार्वतीच्या मनांतलें त्याला प्रथम सांगते ती सखीच. कालिदासाची सखी निरोप पोंचविणारी आहे. व्रतकथेंतील सखी हात धरून बाहेर नेणारी आहे. महाकवीच्या काव्यांत बाप समजूतदार आहे, म्हणून परवानगी पुरते. बायकांच्या कथेंत बापानें शब्द आधींच देऊन टाकलेला आहे, तेव्हां मागावयाची ती कोणाकडे? सामान्य घरांतील अनुभव या दोहोंपैकीं कोणत्या कथेला जवळचा होता, हें सांगावयास नको.

वेरूळच्या लेण्यांपासून जवळच घृष्णेश्वराचें ज्योतिर्लिंग आहे. त्याची शिवपुराणांतील कथाहि एका स्त्रीच्या व्रताची आहे. देवगिरीजवळ राहणाऱ्या सुधर्मा नांवाच्या ब्राह्मणाची धाकटी पत्नी घुष्मा रोज एकशें एक पार्थिव लिंगें करी, त्यांची पूजा करी, आणि तीं जवळच्या तळ्यांत सोडी. तिची बहीण सुदेहा हीच तिची सवत. सुदेहेनें मत्सरानें घुष्मेचा मुलगा मारून त्याच तळ्यांत टाकला. घुष्मेनें आपली पूजा चुकविली नाहीं. मुलगा तळ्यांतून जिवंत परत आला. शिव सुदेहेस दंड करूं लागला, तेव्हां घुष्मेनेंच तिच्यासाठीं क्षमा मागितली. देव तेथें राहिला तो घुष्मेचें नांव घेऊन. सध्याचें लाल दगडाचें देऊळ अठराव्या शतकांतलें असून त्याच्या उभारणीशीं अहिल्याबाई होळकरांचें नांव निगडित आहे.

घुष्मेची पूजा आणि हरतालिकेची पूजा या दोहोंत एक साम्य आहे. माती किंवा वाळू यांचा देव करावयाचा आणि पूजेनंतर तो पाण्याच्या स्वाधीन करावयाचा. त्यासाठीं देऊळ लागत नाहीं, सोन्यारुप्याची मूर्ति लागत नाहीं, आणि पुरोहितावांचूनहि भागतें. जिला उंबऱ्याबाहेर पडण्याची मुभा नव्हती, तिला आपल्या हातानें देव घडवितां येई आणि आपल्याच हातानें त्याला निरोप देतां येई. राजवटी बदलल्या, देवळें पडलीं आणि पुन्हां उभीं राहिलीं, तरी हें व्रत अखंड चाललें, त्याचें एक कारण हें आहे.

तथापि इतिहासाचा एक प्रश्न उरतोच. ज्या समाजांत मुलीचें लग्न आठव्या-दहाव्या वर्षीं, तिला न विचारतां, होऊन जाई, त्याच समाजांत पित्याचा शब्द मोडावयास लावणाऱ्या मुलीची कथा दर वर्षीं मुलींना कशी सांगितली गेली? पैठणच्या एकनाथांनीं इ. स. १५७१ मध्यें 'रुक्मिणीस्वयंवर' पूर्ण केलें. त्याची नायिका रुक्मिणी भावानें ठरविलेला वर नाकारते आणि पत्र पाठवून श्रीकृष्णाला बोलावते. लग्न लवकर जमावें म्हणून मुलींनीं या ग्रंथाचें पारायण करावें, अशी रूढि पडली. दोन्ही ठिकाणीं वडीलधाऱ्यांनीं कथेंतील नकार बाजूस ठेविला आणि फळ तेवढें उचललें. देवीनें केली ती लीला. तेंच मुलीनें केलें तर उद्धटपणा ठरला असता.

हाडामांसाच्या स्त्रीनें तोच निश्चय धरला म्हणजे काय होतें, हें मुंबईनें १८८४ पासून १८८८ पर्यंत पाहिलें. रखमाबाईंचें लग्न अकराव्या वर्षीं झालेलें होतें. वयांत आल्यावर त्यांनीं पतीकडे नांदावयास जाण्याचें नाकारलें, आणि पतीनें १८८४ मध्यें त्यांच्यावर फिर्याद केली. पहिला निकाल रखमाबाईंच्या बाजूनें लागला, पण अपिलानंतर १८८७ मध्यें न्यायालयानें पतीकडे जाण्याचा, नाहींतर सहा महिने तुरुंगांत जाण्याचा हुकूम केला. रखमाबाईंनीं तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. अखेर १८८८ मध्यें पतीला पैसे देऊन तडजोड झाली. त्यानंतर त्या वैद्यक शिकण्यास विलायतेस गेल्या आणि डॉक्टर होऊन परत आल्या. या संकटांत त्यांच्या पाठीशीं जीं माणसें उभीं राहिलीं, त्यांत मुंबईच्या कामा रुग्णालयांतील डॉक्टर एडिथ पीची या होत्या. व्रतकथेच्या भाषेंत बोलावयाचें, तर रखमाबाईंना सखी भेटली.

कायद्याला तेथवर येण्यास आणखी पुष्कळ काळ लागला. शारदा कायद्यानें १ एप्रिल १९३० पासून मुलीच्या लग्नाचें किमान वय चौदा वर्षें ठरविलें. पण तो ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता, आणि औरंगाबाद तेव्हां निजामाच्या राज्यांत होतें. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं तें राज्य भारतांत सामील झालें, तेव्हां मराठवाड्याची वाट मोकळी झाली. मुलीच्या लग्नाचें वय अठरा व्हावयास १९७८ साल उजाडावें लागलें. कायदा झाला म्हणून चाल एका दिवसांत मोडते असें नव्हे. अल्पवयांतील विवाह मराठवाड्यांतून आजहि नाहींसे झालेले नाहींत. पार्वतीचा प्रश्न त्यामुळें केवळ पुराणांतला राहत नाहीं.

उपवासाचेंहि असेंच झालें आहे. कथेंत उपवास हा पार्वतीचा स्वतःचा निश्चय आहे. पोथीच्या अखेरीस तो धाक होतो. जी अन्न खाईल ती पुढील जन्मीं डुकरीण, फळ खाईल ती वानरी, पाणी पिईल ती जळू, दूध घेईल ती सर्पीण, आणि झोपी जाईल ती अजगरी होईल, अशी भीति तेथें घातली आहे. परंतु धर्मशास्त्रांतील एक प्रसिद्ध वचन नेमकें उलट सांगतें. पाणी, कंदमुळें, फळें, दूध, हवि, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचें वचन आणि औषध, या आठांनीं व्रत मोडत नाहीं, असें तें वचन आहे. घरोघरच्या शहाण्या स्त्रियांनीं पोथी श्रद्धेनें ऐकली आणि व्यवहार या दुसऱ्या वचनाप्रमाणें ठेविला. फळें आणि दूध घेण्याचा प्रघात पडला. गरोदर, ओली बाळंतीण, आजारी आणि वृद्ध यांना मोकळीक मिळाली. मधुमेहासारख्या विकारावर औषध घेणाऱ्या स्त्रीनें दिवसभर पाण्यावांचून राहणें धोक्याचें आहे, आणि तिला औषध घेण्यास शास्त्राचीहि आडकाठी नाहीं, हें घरांतील मंडळींनीं तिला आवर्जून सांगावें.

हरतालिका पतीच्या आयुष्यासाठीं आहे, हें म्हणणें खोटें नव्हे. शेंकडों वर्षें स्त्रियांनीं त्याच भावनेनें ती केली आहे. पण तेवढेंच म्हणणें अपुरें आहे. ज्या पतीसाठीं पार्वतीनें उपवास केला, तो तिनें आधीं स्वतः निवडलेला होता, आणि ती निवड पार पाडण्यास तिला एका मैत्रिणीची साथ मिळाली होती. चौरंगावरची दुसरी मूर्ति त्याची साक्ष देत असते. म्हणून तृतीयेच्या दिवशीं घरांतील मुलींसमोर पोथी उघडली जाईल, तेव्हां हिमालयानें मुलीला न विचारतां शब्द दिला, हें वाक्य घाईनें वाचूं नये. आणि सखी तिला घेऊन निघाली, हें वाक्य तर थोडें थांबून वाचावें. ऐकणाऱ्या मुलींपैकीं एखादीला पुढेंमागें सखीची गरज लागेल, आणि एखादीवर सखी होण्याची वेळ येईल.